शालिकभाऊंसाठी मी जे मागितलं

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मला पडलेला प्रश्न फार हलका होता आणि तो लिहितानाही लाज वाटते. देव आहे, तर मग तो माझ्यापेक्षा शालिकभाऊंवर जास्त प्रसन्न का? आजारपणाचं ते वर्ष मी एवढा एकच प्रश्न घेऊन काढलं. लोक मला शांत स्वभावाचा म्हणून ओळखतात. कमी बोलणारा, दुकान आणि भजन यापलीकडे कशात नसणारा. पण शांत माणसाच्या आत काय शिजत असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून आज काही न झाकता लिहितो आहे.

लाखनीला हायवेला लागून माझं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. गळ्यात वडिलांनी घातलेली तुळशीची माळ. सोमवार, एकादशी, चतुर्थी, यातला एकही उपास मी चुकवला नव्हता. सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसणाऱ्या माणसाला दुकानाच्या पायरीवर टेकू दिलं नाही. आणि गालाच्या आतली न भरणारी जखम दाखवायला नागपूरला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खर्रा किती वर्षांपासून खाता?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या बायकोकडे, मंदाकडे पाहिलं. तिनेही नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा. त्या दिवशी मला कॅन्सरपेक्षा त्या नजरेचा जास्त संताप आला.

ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढला, मांडीची कातडी आणून तिथे शिवली. पुढे दीड महिना शेक घ्यायचा होता. रेडिएशनला सगळे पेशंट शेकच म्हणतात. रोज लाखनीहून जाणं-येणं झेपणारं नव्हतं, म्हणून दवाखान्याजवळच्या एका धर्मशाळेत आम्ही दोघं राहिलो. तिथे शेजारच्या खोलीत शालिकभाऊ होते, मोहाडी तालुक्यातल्या करडीचे, धानाची शेती करणारे. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी कौसल्याबाई. तोच आजार, तोच गाल, तेच डॉक्टर, शेकही आमचा एकाच आठवड्यात सुरू झालेला. फरक एवढाच की या माणसाने मिसरूड फुटल्यापासून खर्रा खाल्ला होता आणि तसं तो कोणालाही सांगायचा. पहिल्याच दिवशी नळावर भेटले.

"काय महाराज," माझ्या माळेकडे पाहत त्यांनी विचारलं, "तुमी कोन्या पानठेल्यावरचा खात होते?"

"मी खात नाही. कधीच खाल्ला नाही."

"अरे बाप्पा! मंग तुमाले कसा काय झाला?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मला तो टोमणाच लागला. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवून राहिलो.

शेक सुरू झाला की थोड्याच दिवसांत तोंड आतून सोलून निघतं. थुंकी तारेसारखी होते, पाणीसुद्धा झोंबतं, चव म्हणून काही उरत नाही. कौसल्याबाई तांदूळ गाळ होईपर्यंत शिजवायच्या, त्यावर लाखोरीच्या डाळीचं पातळ वरण घालायच्या. व्हरांड्यात भिंतीला टेकून शालिकभाऊ ते खायचे. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, पण वाटी संपवायचे. मी माझ्या खोलीच्या दारात बसून ते पाहायचो. माझ्या पुढ्यातली पेज गार होऊन जायची.

"पाहा न, शालिकभाऊनं वाटीभर भात खाल्ला," मंदा म्हणायची. "तुमी दोन चमचे त घ्या."

"त्यालेच नेऊन दे मग हे बी," मी म्हणायचो. मंदा वाटी उचलून आत जायची. ती आत जाऊन रडते हे मला ठाऊक होतं. तरी मला राग यायचा तो शालिकभाऊंचाच. माझ्या बायकोच्या तोंडी या माणसाचं नाव का?

दवाखान्यात पेशंटच्या मनातलं ऐकून घेणाऱ्या एक ताई होत्या. आम्ही पेशंट त्यांना बोलणाऱ्या बाई म्हणायचो. खरं म्हणजे त्या फारच थोडं बोलत. डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, त्यांच्याकडे जाऊन या. मी गेलो नाही. शालिकभाऊ दर मंगळवारी जायचे. आत जाताना मान खाली असायची, बाहेर येताना डोळे लाल असायचे, आणि थोड्या वेळाने कोणाची तरी थट्टा करताना दिसायचे.

"या न महाराज एकदा," एकदा ते मला म्हणाले. "लय हलका वाटते."

"मी काही पागल नाही झालो."

"मी झालो होतो न," ते सहज बोलून गेले. "तो जाळीचा मुखवटा चढवला की मले वाटे, आता मातीच लोटून राहिले हे लोक. ओरडलोबी एक डाव. ताईनं श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. आता पडून राहतो गुमान."

तो मुखवटा मलाही चढवत. चेहरा हलू नये म्हणून टेबलाला आवळून बसवतात. माझी छाती धडधडायची, हातापायांना घाम फुटायचा, खोलीतून सगळे बाहेर जाऊन दार लागलं की जीव घशात यायचा. झोप तर कधीच गेली होती. हे मी कोणालाच सांगितलं नाही, मंदालाही नाही. माझा हिशेब वेगळा होता. मनातली भीती परक्या बाईसमोर मांडायची म्हणजे देवा, तू मला पुरत नाहीस, असं त्याच्या तोंडावर सांगणं. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याला मनाच्या डॉक्टरची गरज पडली, तर इतकी वर्षं त्याने भजन केलं की नुसता आवाज? असा माझा ताठा. आणि त्या ताठ्याखाली असला हेवा की ज्याने आयुष्यात उपास धरला नाही त्याची भीती गेली, माझी जागच्या जागी आहे.

एका सोमवारी धर्मशाळेच्या आवारातल्या देवळात मी जपाला बसलो. व्हरांड्यातून शालिकभाऊंच्या बोलण्याचा आवाज येत होता, बायका हसत होत्या, त्यात मंदाही हसत होती. कित्येक दिवसांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि मागितलं, देवा, याचा पुढचा रिपोर्ट चांगला येऊ देऊ नकोस. शब्द असेच होते. चुकून मनात येऊन गेले असं मी म्हणणार नाही. एकेक मणी ओढत मी ते पुन्हा पुन्हा म्हटले. दुसऱ्या दिवशीही म्हटले, आणि शेक संपून घरी परत जाईपर्यंत म्हणत राहिलो.

पहिली तपासणी दोघांचीही बरी निघाली. आम्ही आपापल्या गावी आलो. धानाच्या रोवणीचे दिवस होते, दुकानात गर्दी होती, मीही थोडा वेळ गल्ल्यावर बसू लागलो. पोळा झाल्यावर कौसल्याबाईंचा मंदाला फोन आला. शालिकभाऊंच्या मानेत पुन्हा गाठ निघाली होती. मंदाने फोन ठेवून मला सांगितलं. मला आधी हायसं वाटलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण वाटलं खरं. देवाने शेवटी माझं ऐकलं, असं मनात आलं. आणि मग तेच वाक्य मला ऐकू आलं. देवाने माझं ऐकलं.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मंदालाच विचारावं. मी जेवण टाकलं. आधी गिळता येत नव्हतं म्हणून, आता गिळवत नव्हतं म्हणून. देवघरात पाय टाकवेना. तपासणीची तारीख आली तेव्हा मी जायला नकार दिला. माझा रिपोर्ट चांगला येणार आणि तो शालिकभाऊंच्या जिवावर येणार, असं मनाने धरलं होतं. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून मी हायवेवरचे ट्रक पाहत बसायचो. तेव्हा जे विचार यायचे ते इथे लिहीत नाही. ज्यांना तसे येतात त्यांना कळेल. मंदाने दुकानातला माणूस माझ्याजवळ बसवून ठेवायला सुरुवात केली. "काय होऊन राहिलं तुमाले, एकदा सांगा त," ती विनवायची. मी काय सांगणार होतो?

मार्गशीर्षात शालिकभाऊंचा स्वतःचा फोन आला. आवाज फाटका झाला होता, शब्द पुसट.

"महाराज, आमच्या गावात सप्ताह बसला हाय. धानाची चुरणी चालू, सारे लोक शेतात, बांधीवर. दुपारच्या पहाऱ्याले वीणा धरायले माणूस भेटत नाही. तुमी भजनी माणूस. या."

मी नाही म्हणणार होतो. मंदाने फोन हातातून घेतला आणि "येतो आमी" असं सांगून टाकलं. भंडाऱ्यावरून एसटी बदलून आम्ही दुपारी करडीला पोहोचलो. ती सरळ कौसल्याबाईंकडे गेली. वीणा धरायची नाही असं ठरवूनच मी नुसता वेळ काढायला मंडपाकडे वळलो.

सप्ताहातली वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, देणाऱ्याने घेणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचं, आणि दुसरा येईपर्यंत उभं राहून नाम घ्यायचं. मंडपात वीणा घेतलेला एकटा माणूस उभा होता, रस्त्याकडे डोळे लावून. मला पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"आले काय! बरं झालं बापा. थ्रेशर येऊन उभा हाय माझ्या बांधीत, पोरगं केव्हाचं बलावून राहिलं."

"मी वीणा धरणार नाही," असं काहीतरी मी म्हणालो असेन. माझ्या शिवलेल्या तोंडातून निघालेलं त्याला कळलं नाही. त्याने माळ पाहिली होती, तेवढं त्याला पुरे होतं. तो माझ्या पाया पडला, वीणा माझ्या गळ्यात घातली आणि चपला हातात घेऊन पळाला.

मी तिथे अडकलो. वीणा खाली ठेवता येईना, टाकून जाता येईना, द्यायला कोणी नाही. समोर अखंड दिवा जळत होता. लांबून थ्रेशरची घरघर येत होती, कोंड्याची धूळ उन्हात तरंगत होती. 'रामकृष्णहरी' म्हणायला तोंड उघडलं तर नुसता वारा निघाला. इतक्या महिन्यांत देवासमोर उभा राहिलो नव्हतो. आता पळायला जागा नव्हती.

मग एक म्हातारी आली. हातात पाण्याचा गडवा, पदर डोक्यावर. देवाला नमस्कार केला, वीणेला केला आणि खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. वीणेकऱ्याच्या पाया पडायची रीतच आहे. मी पाय मागे ओढले तशी ती गुडघ्यांवर आणखी पुढे सरकली. "माउली," एवढंच म्हणाली आणि गेली. तिच्यामागून शेतावर भाकरी घेऊन चाललेल्या दोघी आल्या, त्यांनीही तेच केलं. मग एक गडी. माझे दोन्ही हात वीणेत गुंतलेले, अडवू कोणाला आणि कसं? ज्या पायांना ही माणसं हात लावत होती ते पाय कोणाचे हे मलाच ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं. पुसायलाही हात मोकळा नव्हता. ऑपरेशनपासून मी एकदाही रडलो नव्हतो. तिथे भर दुपारी, मोकळ्या मंडपात, लेकरासारखा रडलो.

तशात शालिकभाऊ आले. मानेला दुपट्टा गुंडाळलेला, अंगाचा पार सापळा झालेला. वीणा घ्यायला आले होते. माझ्यासमोर येऊन वाकले.

"थांबा," मी म्हणालो. "माझ्या पाया पडू नका."

"काहून?"

"धर्मशाळेत मी तुमचं वाईट मागितलं. रिपोर्ट खराब यावा म्हणून. माळ ओढून, रोज मागितलं."

ते सरळ झाले. मग मंडपाच्या कडेला जाऊन खांबाला धरून खाली बसले.

"तुमची नजर मले ठाऊक होती," ते म्हणाले. "भाताकडे पाहत होते तुमी. कौसल्या म्हने, आडोशाला बसून खात जा, याची नजर लागते. मी म्हनलो, पाहू दे. बिचाऱ्याच्यानं खाल्लं जात नाही." मग त्यांचा आवाज चढला. "पण रिपोर्ट? महाराज, माझी पोरगी लग्नाची हाय!"

ते दिव्याकडे पाहत बसले. मग खांबाचा आधार घेत उठले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"एवढी चालते तुमची तिकडं?"

मी खाली पाहिलं.

"मंग आता माझ्यासाठी मांगा. तसाच जोर लावून. चांगलं मांगा. पाहू द्या मले बी." ते हसत नव्हते. "आन् मंगळवारी ताईकडं चला सोबत. एकट्यानं जायचा कंटाळा आला मले."

मग ते वाकले आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, ते उचलवेना.

"उठा आता," वरून आवाज आला. "वीणा जड होऊन राहिली."

त्या मंगळवारी मी ताईंच्या खोलीत गेलो. शालिकभाऊ बाहेर बाकावर बसून राहिले. काय काय सांगितलं ते आठवत नाही, पण सगळं सांगितलं, ट्रकचंही. ताई दचकल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी मला तिथल्याच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, झोपेसाठी आणि उदासीसाठी गोळ्या सुरू झाल्या. त्या मी पाण्यासोबत घेताना आधी कपाळाला लावायचो, मंदा त्यावरून चिडवायची. दर मंगळवारी आम्ही सात-आठ जण गोल बसायचो आणि ज्याला जे बोलायचं ते बोलायचा. हेव्याचं बोलणारा मी एकटा नव्हतो. औषधाने केस गेलेली एक बाई म्हणाली, तिला आपल्या जावेच्या वेणीकडे पाहवत नाही.

एकदा ताईंनी विचारलं, "तुमच्या मागण्याने शालिकभाऊंना गाठ झाली, असं खरंच वाटतं तुम्हाला?"

"डोक्याला नाही वाटत. पण वाटतं."

"आता चांगलं मागताय म्हणे."

"रोज."

"मागा. पण गाठ गेली नाही, तर तोही गुन्हा तुमचाच धरणार का?"

बाहेर येऊन बाकावर बसलो, शालिकभाऊंनी विचारलं, काय म्हने ताई. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय. मांगून मोकळे व्हा. देवाच्या दारात धरणं कायले देता?"

गाठ गेली नाही. होळीच्या आधी शालिकभाऊ गेले, करडीला, आपल्या घरात. त्याआधी त्यांनी मुलीची सोयरीक पक्की केली, ज्यांच्याशी भांडण होतं त्यांना बोलावून घेतलं, कौसल्याबाईंच्या हातचं चमचाभर वरण मागून घेतलं. शेवटचा फोन मला केला, तेव्हा बोलता येत नव्हतं, नुसता श्वास ऐकू आला. मी रामकृष्णहरी म्हणत राहिलो. सारं गाव त्यांच्या मागे नदीपर्यंत गेलं. चालताना माझ्या मनात आलं, माझ्यासाठी इतकी माणसं येतील का? मला असं जाता येईल का? त्यांच्या मरणाचाही मला हेवा वाटला. ते मी पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर सांगितलं. शेजारच्या माणसाने माझा हात धरला.

माझे रिपोर्ट आजवर चांगले आहेत. का, ते मला ठाऊक नाही. शालिकभाऊंचे तसे का आले नाहीत तेही ठाऊक नाही. एक घाईतला शेतकरी नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात वीणा घालून पळाला, याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला एवढं कळलं की मन धुऊन स्वच्छ करू आणि मग देवापुढे ठेवू, असं म्हणत बसलो असतो तर माझ्याकडे ठेवायला कधीच काही नसतं. त्याने ते आहे तसं, हेव्यासकट उचललं. कधी म्हातारीच्या हातांनी उचललं, कधी ताईंच्या, आणि ज्याचं मी वाईट चिंतलं त्याच्याही हातांनी. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

हेवा अजून वाटतो. आला की सांगतो, देवालाही आणि मंदालाही. मागतोही रोज, कौसल्याबाईंसाठी, मंगळवारच्या माणसांसाठी, स्वतःसाठी. पूर्वी मागितलं की ते मिळेपर्यंत माळ ओढत तिथेच बसायचो. आता मागून झालं की उठतो आणि दुकान उघडतो.